पर्जन्यबहुल प्रदेशातील मरुजीवन : सावित्रीच्या खोऱ्यातील सजीवांचे जलनियमन

मरुवनस्पती व मरुप्राणी हे शब्द उच्चारले की थर किंवा सहारा यांसारखे वालुकामय प्रदेश डोळ्यांपुढे येतात. ज्या प्रदेशात वर्षाकाठी २५० मि.मी.पेक्षा कमी पाऊस पडतो तो प्रदेश वाळवंटी समजावा, अशी स्थूल व्याख्या भूगोलाच्या ग्रंथांतून आढळते. प्रदेशांची वर्गवारी करण्यास ती सोयीची असली, तरी जीवशास्त्राच्या दृष्टीने ती अपुरी ठरते. आकाशातून किती पाणी पडले याच्याशी सजीवाचा प्रत्यक्ष संबंध नसतो. त्यातील किती पाणी त्याला घेता आले आणि घेतलेले किती काळ राखता आले, यावर त्याचे जीवित अवलंबून असते. हे दोन प्रश्न पुढे ठेवून पाहू गेल्यास, वाळवंटापासून शेकडो कोस दूर असलेल्या आणि अतिवृष्टीबद्दल प्रसिद्ध असलेल्या कोकणातही मरुजीवनाची सर्व प्रमुख लक्षणे दिसून येतात. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे दोन तालुके या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत.

या तालुक्यांत वर्षाला सरासरीने ३००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. जैसलमेरच्या परिसरात हाच आकडा २०० मि.मी.च्या आत राहतो. २०२१ च्या जुलै महिन्यात महाबळेश्वर येथे एका दिवसात सुमारे ५९४ मि.मी. पाऊस नोंदला गेला, म्हणजे जैसलमेरला जवळजवळ तीन वर्षांत मिळणारे पाणी सावित्रीच्या उगमाजवळ चोवीस तासांत कोसळले. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत पोलादपूर व महाड तालुक्यांतील अनेक वाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. या विसंगतीचे मूळ पर्जन्यमानात नसून पर्जन्याच्या वाटणीत आणि भूमीच्या रचनेत आहे. जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. भूमी पाहावी तर ती बेसाल्ट खडकाच्या थरांची, तीव्र उताराची आणि मातीचा पातळ लेप असलेली. पडलेले पाणी ओढ्यांतून सावित्रीत, सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत आणि तेथून समुद्रात अल्पावधीत निघून जाते.

शुष्कतेची तीन रूपे

कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला. महाडला जाण्यासाठी वीर स्थानकावर उतरणाऱ्या अभ्यासकाला एका दिवसाच्या प्रवासात शुष्कतेची तीन भिन्न रूपे पाहता येतात.

पहिले रूप उघड्या कातळाचे. डोंगरमाथ्यांवरील सपाट खडकावर काही ठिकाणी बोटभरही माती नसते. पावसाळ्यात हा पृष्ठभाग पाण्याखाली असतो आणि पाऊस संपल्यावर थोड्याच दिवसांत तो पूर्णपणे कोरडा पडतो. दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे याच प्रकारात मोडतात.

दुसरे रूप डोंगरउतारावरील पानझडी वनाचे. येथे माती असते, खडकाच्या भेगांतून मुळे खोलवर जाऊ शकतात. परंतु वरच्या थरातील ओल हिवाळ्याअखेर संपुष्टात येते. येथील वृक्षांना खोलवरच्या किंवा स्वतःच्या खोडात साठविलेल्या पाण्यावर निर्वाह करावा लागतो.

तिसरे रूप अधिक विलक्षण आहे. सावित्रीच्या खाडीकाठी भरतीचे पाणी दररोज येते. तेथे पाण्याचा तुटवडा म्हणून नसतो. पण हे पाणी खारट असते. वनस्पतीच्या मुळांतील पेशीरसापेक्षा बाहेरच्या द्रवाचा तर्षणदाब अधिक असेल, तर पाणी आत येण्याऐवजी बाहेर ओढले जाते. पाण्यात उभ्या असलेल्या वनस्पतीची ही अवस्था ओळखून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८९८ साली भौतिक शुष्कता व शारीरिक शुष्कता असा भेद केला. तिवराच्या पानांवरील क्षारग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात, तर कांदळाची मुळे बहुतेक मीठ आत येण्यापूर्वीच अडवितात. दोहोंची पाने जाड, चिवट व मेणचट असतात. म्हणजे चिखलात उभ्या असलेल्या या झाडांची ठेवण मरुवनस्पतींशी मिळतीजुळती आहे. शुष्कता ही पर्जन्यमापकाने मोजण्याची वस्तू नव्हे, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण सापडणे कठीण.

वनस्पतींचे तीन मार्ग

पाण्याच्या टंचाईला वनस्पती ज्या रीतींनी तोंड देतात त्यांचे पलायन, परिहार व सहन असे तीन वर्ग पाडण्याची पद्धत आहे. हे तीनही मार्ग कातळावर आणि उतारांवर शेजारी शेजारी अनुसरले गेलेले दिसतात.

पलायन म्हणजे कोरड्या काळात सक्रिय देहाने अस्तित्वातच नसणे. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे या वनस्पती जूनपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत आपले सर्व जीवनकार्य उरकून घेतात. उरतात ती केवळ बीजे. बीजातील पाण्याचे प्रमाण अत्यल्प असल्याने तापलेल्या कातळावरही ते टिकून राहते. कुसळी गवताचे बीज तर स्वतःची पेरणी स्वतःच करते. त्याला जोडलेले लांब कुसळ कोरडे असता पिळलेले राहते आणि ओल लागताच त्याचा पीळ सुटू लागतो. या आलटून पालटून होणाऱ्या हालचालीमुळे टोकदार बीज मातीत रुतत जाते. हे निर्जीव तंतूचे कार्य केवळ आर्द्रतेतील बदलावर चालते.

याच मार्गाचा दुसरा प्रकार कंदधारी वनस्पतींत आढळतो. शेवळे, फोडशी, रानहळद, कळलावी, खरपुडी आणि अनेक भुईआमरी पावसाळा संपताच जमिनीवरील भाग गमावतात आणि कंदाच्या किंवा गाठीच्या रूपाने भूमीत राहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी डॅनिश शास्त्रज्ञ राउनकिएर यांनी, प्रतिकूल ऋतूत वनस्पतीची कलिका कोठे सुरक्षित राहते या एकाच निकषावर वनस्पतींचे वर्गीकरण केले. त्यात या वनस्पतींना स्वतंत्र स्थान आहे. कलिका मातीखाली असल्यामुळे उन्हाळ्यातील वणवा वरून निघून गेला तरी ती बचावते. पहिल्या पावसाबरोबर बाजारात येणारी शेवळे ही या साठ्याचीच निष्पत्ती होय.

परिहार म्हणजे देह जिवंत व सक्रिय ठेवूनही त्यातील पाणी न गमावणे. पानांतून होणारा बाष्पोच्छ्वास हा वनस्पतीच्या जलव्ययाचा मुख्य मार्ग. पर्णरंध्रे बंद केल्यास पाणी वाचते, परंतु त्याच रंध्रांतून आत येणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायूही थांबतो आणि अन्ननिर्मिती खुंटते. वाचवावे तर उपाशी राहावे आणि खावे तर सुकावे, अशी ही कोंडी आहे. पानफुटीने ती वेळ बदलून सोडविली आहे. तिची रंध्रे रात्री उघडतात. आत आलेला वायू मॅलिक अम्लाच्या रूपाने पेशीतील रसपोकळीत साठविला जातो आणि दिवसा, रंध्रे मिटलेली असताना, तोच मोकळा होऊन प्रकाशसंश्लेषणास पुरविला जातो. या क्रियेचा सुगावा लागला तो भारतातच. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचे पान पहाटे आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते असे पाहिले व १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला ते पत्राने कळविले. त्याचे पूर्ण रासायनिक स्पष्टीकरण मिळण्यास पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

या पद्धतीमुळे होणारी बचत लक्षणीय आहे. सामान्य वनस्पती एक ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळविण्यासाठी सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावते. हॅच व स्लॅक यांनी १९६६ साली स्पष्ट केलेल्या मार्गाने, म्हणजे प्रथम चार कार्बन अणूंचे अम्ल तयार करून, काम करणाऱ्या ज्वारी-बाजरीसारख्या तृणांना सुमारे २५० ते ३०० ग्रॅम पुरते. रात्री रंध्रे उघडणाऱ्या वनस्पती ५० ते १०० ग्रॅमवर भागवितात. अर्थात या काटकसरीची किंमत मंद वाढीच्या रूपाने मोजावी लागते.

कोकणातील कुंपणांवर दिसणाऱ्या निवडुंगाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत निवडुंग हे नाव दोन असंबद्ध कुलांतील वनस्पतींना लावले जाते. चीक असलेला काटेरी निवडुंग एरंडाच्या कुलातील व जुन्या जगातील आहे. फड्या निवडुंग अमेरिकेतून आणलेल्या कॅक्टस कुलातील आहे. दोघांचेही खोड मांसल व हिरवे झाले आणि पानांचे कार्य खोडाकडे गेले. समान गरजेतून दूरच्या कुलांत समान रचना स्वतंत्रपणे उद्भवल्याचे हे ठळक उदाहरण होय.

उतारावरील वृक्षांचा परिहार पानगळीने साधतो. सावर, पांगारा, शिमटी व कांडोळ कोरड्या ऋतूत निष्पर्ण होतात. कांडोळाच्या फिकट, कागदासारख्या सालीखाली हरितद्रव्य असते, त्यामुळे पाने नसतानाही थोडे अन्न तयार होत राहते. त्याचा डिंक पाण्यात कित्येक पट फुगतो. ऐनाच्या काही वृक्षांच्या खोडात पाणी साठते, ही गोष्ट वनात वावरणाऱ्यांच्या परिचयाची आहे. सावर व पांगारा ऐन कोरड्या दिवसांत फुलतात आणि त्यांच्या फुलांतील मध हा पक्षी व खारी यांना अन्नाबरोबर पाणीही पुरवितो. अशा रीतीने एका वृक्षाने राखलेले पाणी अनेक प्राण्यांच्या उपयोगी पडते.

तिसरा मार्ग सहनाचा, आणि तो सर्वांत दुष्कर. येथे वनस्पती पाणी राखण्याचा प्रयत्न सोडून देते आणि सुकते, तरीही मरत नाही. कातळावर वाढणारे ट्रायपोगॉन वंशातील बारीक गवत, काही नेचे व सेलाजिनेला या गटात येतात. देहातील बहुतांश पाणी गेल्यावर पेशीतील पटले एकमेकांना चिकटून फाटावयाची, प्रथिनांची घडी बिघडावयाची. परंतु या वनस्पती सुकत असताना पेशींत विशिष्ट शर्करा व संरक्षक प्रथिने साठवितात. पाण्याची जागा घेऊन शर्करा काचेसारखा घट्ट द्रव बनवितात व पेशीची रचना जागच्या जागी धरून ठेवतात. पाऊस पडताच काही तासांत ते गवत हिरवे होऊ लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी अलीकडे केलेल्या पाहणीत पश्चिम घाटातून अशा ६२ संवहनी वनस्पतींची नोंद झाली. त्यापूर्वी ज्ञात असलेली संख्या फारच थोडी होती.

प्राण्यांचा जलहिशेब

प्राण्याच्या देहातील पाण्याचा हिशेब जमाखर्चाच्या वहीसारखा मांडता येतो. पिण्याचे पाणी, अन्नातील पाणी आणि अन्नाच्या ज्वलनातून देहातच निर्माण होणारे पाणी ही जमेची बाजू. त्वचा, श्वास, मूत्र व विष्ठा ही खर्चाची. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ०.६ ग्रॅम, तर एक ग्रॅम मेदापासून सुमारे १.०७ ग्रॅम पाणी तयार होते. अमेरिकेच्या वाळवंटातील कांगारू-उंदीर पाणी न पिता कोरड्या बियांवर जगतो, तो याच जमेवर आणि मानवाच्या मूत्रापेक्षा सुमारे चौपट संहत मूत्र तयार करणाऱ्या मूत्रपिंडांवर. उंटाच्या मदारीत पाणी असते हा समज मात्र निराधार आहे. मदारीत मेद असतो, आणि त्याच्या ज्वलनास लागणारा प्राणवायू घेताना फुप्फुसांतून पाणी बाहेर जात असल्याने निव्वळ लाभ उरत नाही. श्मिट-नीलसन यांनी १९५३-५४ च्या सुमारास सहारात केलेल्या अभ्यासातून दिसले ते असे की, उंटाचे सामर्थ्य खर्च कमी करण्यात आणि तूट सोसण्यात आहे. पाण्याविना असताना तो दिवसा देहाचे तापमान वाढू देतो व घामाचा व्यय टाळतो. शिवाय वजनाच्या चतुर्थांशाइतके पाणी गमावूनही तो जिवंत राहतो.

सावित्रीच्या खोऱ्यातील प्राण्यांचा भर मुख्यत्वे खर्च टाळण्यावर आहे. बेडकाची ओलसर त्वचा ही श्वसनास उपकारक पण जलसंचयास घातक असते. म्हणून कोरड्या काळात तो जमिनीत जातो. बिळे करणाऱ्या बेडकांच्या मागील पायांवर फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती उकरीत ते मागच्या मागे खाली जातात. ग्रीष्मसुप्तीच्या काळात चयापचय मंदावतो आणि मूत्राशयातील विरल द्रव राखीव साठा म्हणून उपयोगी पडतो. अमेरिकेतील काही बेडूक देहात युरिया साठवून तर्षणदाब वाढवितात व भोवतीच्या मातीतून पाणी खेचतात, असे १९६० नंतरच्या दशकात सिद्ध झाले आहे. सह्याद्रीतील बेडकांबाबत हाच प्रश्न हाती घेण्याजोगा आहे.

गोड्या पाण्यातील व जमिनीवरील खेकडे, ज्यांना स्थानिक लोक मुठे म्हणतात, ओल लागेपर्यंत खोल बिळे करून त्यांत उन्हाळा काढतात. त्यांच्या प्रजोत्पादनातही पाण्याची काटकसर दिसते. समुद्री खेकड्यांच्या अंड्यांतून पाण्यात तरंगणारे डिंभ बाहेर पडतात. मुठ्यांच्या अंड्यांतून मात्र थेट लहान खेकडे निघतात आणि काही काळ मादीच्या पोटाखालील झडपेत राहतात. तळ्यांतील शंखवर्गीय गोगलगाय शंखाचे दार झाकणाने बंद करून चिखलात पडून राहते. हवेतील श्वसनासाठी तिला फुप्फुसही असते. फुरसे व इतर सरपटणारे प्राणी, तसेच पक्षी, नत्रयुक्त निरुपयोगी द्रव्य यूरिक अम्लाच्या रूपाने जवळजवळ घन स्थितीत बाहेर टाकतात. युरिया विरघळविण्यास लागणारे पाणी त्यामुळे वाचते.

कातळावरील खळग्यांत साठणाऱ्या पाण्यात सहनाचे प्राणिजगतातील उदाहरण मिळते. फेअरी श्रिम्प या नावाने ओळखले जाणारे चिमुकले कवचधारी प्राणी या डबक्यांत काही आठवड्यांत वाढतात, अंडी घालतात व डबके आटताच मरतात. जाड कवचाची अंडी धुळीत वर्षानुवर्षे टिकतात. स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस ही या गटातील पश्चिम घाटातील जाती २०१४ साली शास्त्राला ज्ञात झाली.

निश्चित पाऊस आणि अनिश्चित पाऊस

येथवरच्या विवेचनावरून कोकणातील कातळ म्हणजे आठ महिन्यांचे वाळवंट, असा निष्कर्ष कोणी काढील. तो अर्धाच खरा आहे. उपाय समान असले तरी ते ज्या प्रश्नाची उत्तरे आहेत तो प्रश्न समान नाही. वाळवंटात पाऊस कमी असतो एवढेच नव्हे, तर तो केव्हा येईल याचा भरवसा नसतो. म्हणून तेथील वर्षायू वनस्पतींच्या बीजांत अंकुरण रोखणारी द्रव्ये असतात. ती धुऊन जाण्याइतका भरपूर पाऊस झाला तरच बीज रुजते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील वनस्पतींवर फ्रिट्स वेन्ट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास केलेले प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहेत. तेथे जगण्याचे मर्म सज्जता हे होय.

सावित्रीच्या खोऱ्यात मात्र पाऊस शतकानुशतके जूनच्या आगेमागे येत आला आहे. येथे जगण्याचे मर्म कालज्ञान हे होय. याचा सबळ पुरावा वृक्षांच्या पालवीत मिळतो. कोशिंबाची तांबूस पालवी मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे भूमी सर्वाधिक कोरडी असताना, फुटते. आशियातील मोसमी वनांत अनेक वृक्ष पावसाची वाट न पाहता त्यापूर्वीच पालवतात आणि वाढत जाणारे दिनमान हा त्यांचा संकेत असावा, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रतिपादन करण्यात आले. पाऊस आला की पूर्ण वाढलेली पाने पहिल्या दिवसापासून कामास लागतात. खोलवरच्या वा खोडातील उरल्यासुरल्या पाण्याची ही गुंतवणूक पाऊस वेळेवर येईल या गृहीतावर केलेली असते.

या नियमालाही अपवाद आहेत. कातळावरील उथळ डबके एकाच पावसाळ्यात अनेकदा भरते व आटते. म्हणून फेअरी श्रिम्पची सर्व अंडी पहिल्या पाण्यात फुटत नाहीत, काही राखून ठेवली जातात. ऋतूच्या मापाने निश्चित असलेला पाऊस डबक्याच्या मापाने अनिश्चितच असतो, आणि प्रत्येक सजीव आपापल्या मापाने त्याला उत्तर देतो.

या भेदाला आज व्यावहारिक महत्त्व आले आहे. पावसाच्या आगमनात विलंब झाला किंवा पावसाळ्याच्या मध्यात दीर्घ खंड पडला, तर कालज्ञानावर विसंबणाऱ्या सजीवांची हानी सज्जतेवर जगणाऱ्यांपेक्षा अधिक होण्याचा संभव आहे. २०२३ चा ऑगस्ट हा देशभरातील पर्जन्याच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मातीचा पातळ थर असलेल्या कातळावर काही दिवसांची उघडीपही वर्षायू वनस्पतींना फुलण्यापूर्वी सुकविण्यास पुरेशी असते. एकूण पाऊस सरासरीइतका भरला तरी ही हानी भरून येत नाही, कारण वर्षाच्या बेरजेत ती दिसतच नाही.

अभ्यासाची दिशा

महसुली दप्तरात अशा कातळाची नोंद बहुधा पोटखराबा किंवा पडीक म्हणून होते. लागवडीच्या दृष्टीने ती यथार्थ असेल. परंतु या नोंदीमुळे तेथे काहीच नाही असा ग्रह होतो आणि दगड काढणे, सुरुंग लावून बागेसाठी खड्डे पाडणे किंवा वरून माती टाकून सपाटीकरण करणे यास हरकत घेण्याचे कारण उरत नाही. अंडी, बीजे, कंद व सुकलेली गवते यांच्या रूपाने त्या खडकावर जो जीवसंचय असतो तो उन्हाळ्यातील पाहणीत नजरेस येत नाही. म्हणून कातळाची कोणतीही पाहणी किमान एक पावसाळा व एक उन्हाळा व्यापणारी असावी, ही पहिली अपेक्षा होय.

दुसरे असे की, पालवी, फुलोरा, पानगळ, बेडकांचे प्रथम कूजन व मुठ्यांचे बाहेर पडणे यांच्या तारखा वीर, महाड व पोलादपूर या पट्ट्यात सलग काही वर्षे नोंदल्या गेल्यास, त्यांचा संबंध दिनमानाशी आहे की पहिल्या सरींशी, हे पडताळून पाहता येईल. या कामास मोठी उपकरणे लागत नाहीत. लागते ते सातत्य. तिसरे, पुनरुज्जीवी गवतांमधील शर्करा व प्रथिने यांचा अभ्यास कोरडवाहू पिकांच्या सुधारणेस साहाय्यक होऊ शकेल.

रायगडावर गंगासागर तलाव बांधणाऱ्यांनी आणि खडकात टाकी खोदणाऱ्यांनी याच भूमीतील हा धडा ओळखला होता. पाऊस विपुल असला तरी तो धरून ठेवला नाही तर माथ्यावर वस्ती टिकत नाही. कातळावरील गवत, उतारावरील ऐन आणि बिळातील मुठा हे त्याच प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीपासून देत आले आहेत. खोऱ्यातील वाड्यांच्या पाण्याचा विचार करतानाही, किती पाऊस पडतो याऐवजी किती पाणी राहते, हाच प्रश्न प्रथम विचारावयास हवा.